जेऊरची दोन मिनिटं आणि प्रा. नायगामवाला

पुणे-सोलापूर रेल्वेमार्गावर जेऊर नावाचं एक स्टेशन आहे. तालुका करमाळा, जिल्हा सोलापूर. नकाशावर आपल्या इंदापूरपासून जेऊरपर्यंत सरळ रेघ मारली तर अंतर जेमतेम पंचवीसेक किलोमीटर भरतं. मध्ये उजनीचं पाणी पसरलंय, म्हणून रस्त्याने वळसा पडतो. सोलापूरकडून हॉस्टेलला येणाऱ्या मित्रांनी हे स्टेशन कितीतरी वेळा खिडकीतून पाहिलं असेल, आणि ‘अजून किती लांब’ असं म्हणून पुन्हा डुलकी काढली असेल!

पण याच जेऊरला २२ जानेवारी १८९८ रोजी कॅलिफोर्नियाहून, जपानहून आणि पुण्याहून खगोलशास्त्रज्ञ मुक्कामाला आले होते. त्या दिवशी, पौष अमावास्येला, भर दुपारी तिथे सुमारे दोन मिनिटं सूर्य पूर्ण झाकला गेला. खग्रास ग्रहणाचा पट्टा कोकणात विजयदुर्गजवळ जमिनीवर चढून ईशान्येकडे सरकला. इंदापूर त्या पट्ट्यात होतं, जेऊर होतं. पुण्याहून आलेल्या तुकडीचे प्रमुख होते प्रा. कावसजी दादाभाई नायगामवाला. भारतातल्या आधुनिक खगोलभौतिकीची सुरुवात ज्यांच्यापासून सांगितली जाते ते हेच गृहस्थ. आणि मित्रांनो, आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे ते एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत होते.

पाच हजार रुपयांची देणगी

नायगामवाला पारशी कुटुंबातले. जन्म १८५७ चा. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिक्षण झालं. पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्र घेऊन ते १८७८ साली एम.ए. झाले आणि पुढे त्याच कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवू लागले. १८८२ साली भावनगरचे महाराजा तख्तसिंहजी कॉलेज पाहायला आले. त्यांनी वर्णपटाच्या अभ्यासासाठी प्रयोगशाळा उभारायला पाच हजार रुपये दिले. मुंबई सरकारनेही तेवढीच भर घातली.

आता प्रयोगशाळा म्हटली की टेबलावरचे दिवे, नळ्या आणि प्रिझम. नायगामवाला सामान आणायला १८८४ साली इंग्लंडला गेले. तिथल्या नामवंत खगोलशास्त्रज्ञांशी त्यांच्या भेटी झाल्या आणि बेतच बदलला. टेबलावरच्या ज्योतीचा वर्णपट काढायचा तर मग आकाशातल्या ज्योतींचाच का काढू नये? प्रयोगशाळेऐवजी वेधशाळा करायचं ठरलं. मुंबईपेक्षा पुण्याची हवा त्याला बरी, म्हणून नायगामवालांची बदली पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये झाली. १८८८ च्या सुमारास तिथे महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली.

हे कॉलेज ऑफ सायन्स म्हणजे कुठलं? १८५४ साली इंजिनिअरिंगचा वर्ग म्हणून सुरू झालेली ही संस्था १९११ पासून कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग, पूना झाली. होय, आपलं सगळ्यांचं ऐकून पाठ झालेलं ‘सीओईपी’! रस्ते, पूल आणि पाटबंधारे शिकवणाऱ्या आवारात डब्लिनच्या ग्रब कंपनीने घडवलेली आरशाची दुर्बीण बसली. पुढे तिचा आरसा वीस इंचांचा झाला. त्या काळात भारतात याहून मोठी दुर्बीण नव्हती.

मृगातली हिरवी रेघ

मृग नक्षत्र आपण सगळे ओळखतो. व्याधाचा बाण, तीन ठळक तारे, आणि त्यांच्या खाली धुरकट ठिपका. तो ठिपका म्हणजे तेजोमेघ. त्याचा प्रकाश प्रिझममधून पाहिला की काळ्या पार्श्वभूमीवर एक ठळक हिरवी रेघ दिसते. ती कुठल्या मूलद्रव्याची, यावर तेव्हा मोठा वाद चालला होता. इंग्लंडचे नॉर्मन लॉकियर हे या विषयातलं फार मोठं नाव. त्यांचं म्हणणं असं, की ही रेघ एका बाजूला पुसट होत जाते, म्हणजे ती तापलेल्या मॅग्नेशियमची खूण आहे, आणि तेजोमेघ हे उल्कांच्या टकरीतून तापलेले थवे आहेत.

नायगामवालांनी पुण्यातून ही रेघ तपासली आणि १८९१ साली लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीला कळवलं, की रेघ दोन्ही बाजूंनी धारदार दिसते, पुसट नाही. लॉकियर हे वेधशाळा उभारताना ज्यांच्याकडे सल्ल्याला जावं अशा ज्येष्ठांपैकी. त्यांच्याच सिद्धांताविरुद्ध जाणारं हे निरीक्षण तीस-पस्तीस वर्षांच्या एका हिंदी प्राध्यापकाने छापायला दिलं. १८९१ सालात याला छातीच लागत असणार. पुढे नायगामवाला बरोबर ठरले. ती रेघ दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची, हे आयरा बोवेन यांनी १९२७ साली दाखवून दिलं.

पण यात एक अडचण होती. हा वाद डोळ्याने पाहिलेल्या रेघेवरचा. एकाला धारदार दिसली, दुसऱ्याला पुसट. दोघंही खरं सांगत असतील, तर निवाडा कोणी करायचा? अशा वेळी फोटोची प्लेट कामाला येते. प्लेट टेबलावर ठेवता येते, मोजता येते, तिची प्रत काढून साता समुद्रापार पाठवता येते. आकाशाचं छायाचित्रण त्या वीस वर्षांत झपाट्याने वाढलं त्याचं हे एक मोठं कारण.

प्लेगच्या सालातली मोहीम

१८९८ चं ग्रहण आलं ते वाईट दिवसांत. १८९६-९७ चा दुष्काळ नुकताच सरला होता आणि सोलापूरकडच्या भागाने तो चांगलाच सोसला होता. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगने थैमान घातलं. जूनमध्ये रँडचा वध झाला, सप्टेंबरात लोकमान्य टिळकांना राजद्रोहाखाली शिक्षा झाली, आणि ग्रहणाच्या दिवशी ते तुरुंगातच होते. वेधशाळेला देणगी देणारे तख्तसिंहजीही १८९६ साली वारले होते. अशा काळात पुण्याहून दुर्बिणी, प्रिझम, काचेच्या प्लेट्स आणि रसायनांच्या बाटल्या पेट्यांत भरून जेऊरला न्यायच्या होत्या.

देशभर नामांकित तुकड्या पसरल्या होत्या. लॉकियर विजयदुर्गला, ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनची मंडळी विदर्भात तळणीला, इंग्लंडचे राजज्योतिषी मध्य भारतात शहडोलला. जेऊरला कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्पबेल आले होते. सोबत त्यांच्या पत्नी एलिझाबेथही होत्या. कॅम्पबेल यांनी आणलेल्या कॅमेऱ्याची लांबी ऐका : चाळीस फूट! उंचावर भिंग, खाली प्लेट, आणि प्लेट सरकवायला घड्याळाचं यंत्र. एवढ्या लांबीमुळे सूर्याची प्रतिमाच सुमारे साडेचार इंच व्यासाची पडायची.

नायगामवालांचा मुख्य भर होता वर्णपटावर. खग्रास स्थिती सुरू होताना सूर्याची शेवटची बारीक कोर उरते आणि दोन-चार सेकंद सूर्याच्या वातावरणाचा पातळ थर उघडा पडतो. कॅमेऱ्याच्या भिंगासमोर प्रिझम ठेवला, की त्या कोरीच्या एकेका रंगाची वेगळी कमान प्लेटवर उमटते. एक कमान हायड्रोजनची, एक कॅल्शियमची, एक हेलियमची. एरवी वर्णपटाला बारीक फट लागते. इथे सूर्याची कोर हीच फट. युक्ती साधी आहे, पण हाताशी वेळ दोन-चार सेकंदांचा. त्यानंतर प्रभामंडळासाठी दोन मिनिटं. चुकलं तर पुढचं ग्रहण शोधत दुसऱ्या देशात जा!

त्या दिवशी आकाश स्वच्छ राहिलं, केवळ जेऊरलाच नव्हे तर जवळजवळ सगळ्या पट्ट्यात. नायगामवालांच्या तुकडीला वर्णपटांच्या प्लेट्स मिळाल्या. कॅम्पबेलना त्यांच्या हव्या होत्या.

या ग्रहणातल्या वर्णपटांतून एक महत्त्वाची दुरुस्ती झाली. प्रभामंडळातही एक हिरवी रेघ असते. तीस-एक वर्षं तिची जागा ५३१७ अँगस्ट्रॉम धरली जात होती. भारतात घेतलेल्या प्लेट्स मोजल्यावर ती ५३०३ च्या आसपास असल्याचं स्पष्ट झालं. चौदा अँगस्ट्रॉम म्हणजे किती? एका मिलिमीटरचा सात लाखावा भाग. डोळ्याला हा फरक ग्रहणाच्या धावपळीत कळला नव्हता. प्लेटवर तो मोजता आला.

प्लेट ते कागद

फोटो काढला म्हणजे काम झालं, असं आपल्याला वाटतं. नायगामवालांच्या पिढीला तसं म्हणणं परवडणारं नव्हतं. खरी परीक्षा पुढेच होती.

पहिली अडचण प्लेटची. साध्या प्लेटला निळा-जांभळा प्रकाश चटकन कळायचा, हिरवा-पिवळा फार कमी आणि लाल जवळपास नाहीच. म्हणजे जी हिरवी रेघ हवी तिथेच प्लेट आंधळी. त्यासाठी रंगद्रव्याने संस्कार केलेल्या खास प्लेट्स वापराव्या लागत. दुसरं, तेजस्वी प्रकाश काचेच्या मागच्या पृष्ठभागावरून परतून पुन्हा लेपावर पडायचा आणि तेजस्वी भागाभोवती खोटं कडं तयार व्हायचं. ते टाळायला काचेला मागून गडद लेप देत. तिसरं, हवामान. लेप जिलेटिनचा. कोमट पाण्यात तो फुगतो, कडेने सुटतो. म्हणून आपल्याकडच्या हवेत प्लेट्स रात्रीच्या गारव्यात धुणंच शहाणपणाचं होतं. त्यात धुळीचा एक कण बसला की तो तारा म्हणून मोजला जायची भीती. म्हणून शक्य तिथे एकाच भागाच्या दोन प्लेट्स घ्यायच्या. दोन्हीवर असेल तो तारा, एकीवरच असेल तो बहुधा डाग.

एवढं करून निगेटिव्ह चांगली मिळाली, तरी कागद राहिलाच. प्रभामंडळ सूर्याच्या कडेशी जितकं उजळ असतं, त्याच्या शेकडो पटींनी ते बाहेरच्या टोकाला मंद असतं. चांगल्या चकचकीत फोटोपेपरवरही पांढऱ्याशुभ्र आणि काळ्याकुट्ट भागांत शंभरेक पटींचाच फरक मावतो. त्यामुळे आतला भाग नीट छापावा तर बाहेरचे किरण काळोखात बुडतात. बाहेरचे किरण दाखवावेत तर आतला भाग पांढरा गोळा होतो. तोडगे होते. कमीजास्त वेळ दिलेल्या अनेक प्लेट्स घ्यायच्या. प्रिंट काढताना एक भाग पुठ्ठ्याने झाकून दुसऱ्याला जास्त प्रकाश द्यायचा. किंवा सगळ्या निगेटिव्ह शेजारी ठेवून कसबी चित्रकाराकडून एकच चित्र काढून घ्यायचं. पण शेवटच्या दोन उपायांत माणसाचा हात आला, आणि हात आला की शंका आली. तळणीला ॲनी माँडर यांनी अगदी छोट्या भिंगाने प्रभामंडळाचा एक विलक्षण लांब किरण टिपला होता. असे अंधूक किरण निगेटिव्हवर नजर स्थिर केली की दिसतात आणि छापील पानावर मात्र जेमतेम उरतात.

छापखान्यात आणखी एक पायरी. पुस्तकात फोटो छापायचा तर त्याचे बारीक ठिपके पाडून ब्लॉक करावा लागतो. आता ताऱ्यांचा फोटो म्हणजे मुळात ठिपकेच. ब्लॉकचे ठिपके आणि ताऱ्यांचे ठिपके एकमेकांत मिसळले की सगळा गोंधळ. म्हणून चांगल्या खगोलीय ग्रंथांत ठिपके न पाडणाऱ्या महागड्या छपाईची चित्रं वेगळ्या जाड कागदावर छापून लावलेली असायची, आणि शेजारी मोजमापांचे तक्ते. फोटोत जे उतरलं नाही ते आकड्यांनी सांगायचं.

नायगामवालांचा जेऊरचा अहवाल मुंबईत १९०२ साली प्रसिद्ध झाला, तख्तसिंहजी वेधशाळेच्या प्रकाशनांचा पहिला खंड म्हणून. दोन मिनिटांच्या कामाचा अहवाल चार वर्षांनी!

मोडलेली वेधशाळा

वेधशाळा नायगामवालांवर उभी होती, आणि तीच तिची कमजोर बाजू ठरली. ते १९१२ साली निवृत्त झाले आणि सरकारने वेधशाळाच बंद केली. वारसदार प्राध्यापक नेमला नाही, विभाग उभा केला नाही. दुर्बीण आणि इतर उपकरणं दक्षिणेत कोडाईकनालला रवाना झाली. कॉलेजचं नाव इंजिनिअरिंग कॉलेज होऊन तेव्हा वर्ष झालं होतं. पुण्यात जवळजवळ पाव शतक चाललेलं काम तिथेच थांबलं. खगोलभौतिकीचं मोठं संशोधन केंद्र पुण्याला पुन्हा मिळालं ते १९८८ साली ‘आयुका’च्या रूपाने, म्हणजे मध्ये पाऊणशे वर्षं गेली.

दुर्बिणीचं नशीब मात्र चांगलं. ‘भावनगर दुर्बीण’ या नावाने ती पुढे कोडाईकनालला वापरात आली. १९८० च्या दशकात लडाखमध्ये नवी वेधशाळा कुठे बांधावी याची पाहणी चालली होती, तेव्हा ती लेहपर्यंत जाऊन आली. आज लडाखात हानले इथे दोन मीटर व्यासाची दुर्बीण काम करते आहे. तिच्या शोधात पुण्याच्या या म्हाताऱ्या दुर्बिणीचाही खारीचा वाटा आहे, असं म्हणायला हरकत नाही.

नायगामवाला १९३८ साली वारले. प्रभामंडळातली हिरवी रेघ नेमकी कशाची हे त्यांना कळलं नाही. १९३९ साली ग्रोट्रियान यांनी धागा पकडला आणि पुढच्या तीन-चार वर्षांत एडलेन यांनी सिद्ध केलं, की ती तेरा इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाची रेघ आहे. म्हणजे प्रभामंडळाचं तापमान दहा लाख अंशांच्या घरात असणार! सूर्याच्या पृष्ठभागाच्या शेकडो पट. जेऊरच्या माळावर त्या दुपारी ज्या रेघेसाठी प्लेट्स उघडल्या, तिच्यात एवढं मोठं रहस्य दडलेलं होतं.

आपल्यासाठी

मित्रांनो, आज हे सगळं किती सोपं झालंय! उजनीच्या काठावर अमावास्येच्या रात्री स्टँड लावला, पंधरा-वीस सेकंदांचं एक्स्पोजर दिलं, की आकाशगंगा मोबाईलमध्येसुद्धा उतरते. ग्रुपवर टाकली, शंभर लाइक आले, की महिन्याभरात तो फोटो कुठल्या फोल्डरमध्ये आहे तेही आठवत नाही. गॅदरिंगच्या प्रदर्शनासाठी लॅबमधून प्रिंट मागवावी, तर हातात येतो एक काळा कागद आणि चार पांढरे ठिपके. मग आपण लॅबवाल्याला शिव्या घालतो.

दोष बहुधा लॅबचा नसतो. अडचण तीच आहे, जी १८९८ ला होती : कागदात मावतं तेवढंच मावतं. स्क्रीन स्वतः उजेड देते, कागद फक्त पडलेला उजेड परत करतो. म्हणून स्क्रीनचा उजेड निम्म्यावर आणून मगच फोटो तपासावा आणि गडद भाग थोडे उचलावेत. व्हॉट्सॲपवरून आलेली फाईल लॅबला देऊ नये, मूळ फाईल द्यावी. बारा बाय अठरा इंचाच्या प्रिंटला इंचाला तीनशे ठिपके धरले तर ३६०० × ५४०० ठिपके लागतात, हे गणित आपल्याला कोणी शिकवायला नको. लॅबच्या यंत्राला काळं आकाश म्हणजे ‘कमी उजेडात बिघडलेला फोटो’ वाटतो आणि ते आपणहून उजळवून सगळं राखाडी करून ठेवतं. म्हणून ‘ऑटो करेक्शन बंद ठेवा’ असं आधीच सांगावं. आणि मोठी प्रिंट काढण्याआधी त्याच फोटोच्या कमीजास्त उजळ अशा तीन-चार छोट्या प्रिंट काढून, दिवसाच्या उजेडात शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. पन्नास-शंभर रुपये जातील, पण मोठा कागद वाया जाणार नाही.

आणि एक काम विसरू नये. प्रिंटच्या पाठीमागे पेन्सिलीने तारीख, वेळ, गाव, भिंग आणि एक्स्पोजर लिहावं. फोटोत हात फिरवला असेल, दोन-तीन फोटो एकत्र केले असतील, तर तेही प्रामाणिकपणे लिहावं. नाहीतर आपला फोटो पाहणाऱ्याला आकाश कुठे संपलं आणि आपली करामत कुठे सुरू झाली हे कसं कळणार?

नायगामवालांची वेधशाळा एका सरकारी हुकमाने मिटली. जेऊरला त्या दिवशीची कोणतीही खूण गाडीच्या खिडकीतून दिसत नाही. पण १९०२ चा तो अहवाल जुन्या ग्रंथालयांतून आजही मिळतो, आणि त्यातल्या आकड्यांवर आजही बोट ठेवता येतं. जे नीट मोजून, नीट छापून, तारीख-वेळेसह कागदावर ठेवलं, ते राहिलं. आपल्या कॉलेजच्या ग्रंथालयातही एखादं कपाट असं का असू नये, ज्यात दर वर्षीच्या विद्यार्थ्यांनी काढलेल्या आकाशाच्या चार चांगल्या प्रिंट मागे नोंदी लिहून ठेवलेल्या असतील? उजनीवरचं आकाश वर्षावर्षाला किती उजळत चाललंय, गावांचे आणि रस्त्यांचे दिवे किती तारे गिळतायत, हे वीस वर्षांनी कोणाला पाहायचं झालं तर ते त्या कपाटात सापडेल. सुरुवात येत्या अमावास्येला करता येईल. पौषच हवा असं काही नाही!